बाबांची शुगर-बीपीची अपॉइंटमेंट: आधी काय तयारी करावी?

सांजवारा: बाबा ७१ वर्षांचे. पुढच्या आठवड्यात नव्या फिजिशियनकडे न्यायचंय. जेमतेम दहा मिनिटं मिळतात म्हणे. रिपोर्ट आधीच काढून न्यावेत का?

लॅबवाला: नंबर लावतानाच रिसेप्शनला विचारा. उपाशीपोटी शुगरसाठी किमान ८ तास फक्त पाणी. जेवणानंतरची शुगर पहिल्या घासापासून २ तासांनी, जेवण संपल्यापासून नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. शुगरची गोळी उपाशीपोटीचं रक्त देऊन झाल्यावर, खाण्यासोबत नेहमीसारखी घ्यायची. ती चुकवली तर जेवणानंतरचा आकडा उगाच वाढलेला दिसतो. एचबीएवनसी या रक्तचाचणीला उपाशी राहावं लागत नाही. ती साधारण ३ महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगते, त्यामुळे महिन्याभरापूर्वीचा रिपोर्ट असेल तर तोच दाखवा.

माईसाहेब: बीपी घरी ७ दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, ५ मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीवर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. दवाखान्यात धास्तीने अनेकांचं बीपी चढतं, म्हणून ही वही लाखमोलाची.

सांजवारा: आणि औषधांची यादी?

माईसाहेब: यादी कशाला, पाकिटंच पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक चूर्णं आणि गुडघेदुखीच्या गोळ्यासुद्धा! काही वेदनाशामकांनी बीपी वाढतं, मूत्रपिंडावरही ताण येतो. पायाला मुंग्या, रात्री वारंवार लघवी असं काही असेल तर ते आत गेल्या गेल्या सांगा, उठता उठता नको.