मदत हवी आहे: कर्नल अपडेटनंतर प्रोसेसरचं तापमान चुकीचं दिसतंय

नमस्कार मंडळी. रायझन ७ २७००एक्स प्रोसेसरवर लिनक्स वापरतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट केल्यापासून एका स्क्रिप्टमधून पॅनलवर येणारा तापमानाचा आकडा ३८ अंशांच्या आसपास अडकून बसलाय. व्हिडिओ रेंडर करताना आठही कोअर राबतात, केसमधून गरम हवा येते, तरी आकडा ढिम्म हलत नाही. पंख्यांचा वेगही त्याच स्क्रिप्टवर ठरतो, म्हणून खरी काळजी वाटते.

सेन्सर्स कमांड दिली की के१०टेम्प या एएमडी प्रोसेसरचं तापमान वाचणाऱ्या ड्रायव्हरखाली टीसीटीएल (पंख्यांच्या नियंत्रणासाठीचा आकडा) आणि टीडाय (चिपचं खरं तापमान) लोडबरोबर नीट वाढताना दिसतात. दोघांत कायम १० अंशांचा फरक असतो, पण तो या मॉडेलला मुद्दाम दिलेला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. माझा संशय एचडब्ल्यूमॉनच्या, म्हणजे कर्नल प्रत्येक सेन्सरला जो फोल्डर देतो त्याच्या क्रमांकावर आहे. ड्रायव्हर लोड होण्याचा क्रम बदलला की हे क्रमांकही बदलू शकतात, आणि स्क्रिप्टमध्ये एचडब्ल्यूमॉन१ असा थेट पत्ता आहे. तिथली नेम फाइल उघडली तर आता एनव्हीएमई, म्हणजे प्रोसेसरऐवजी एसएसडीचं नाव दिसतं!

क्रमांकाऐवजी नावावरून सेन्सर शोधायची खात्रीची पद्धत कुणी वापरता का? की स्क्रिप्ट सोडून सरळ फॅनकंट्रोल या पंखे सांभाळणाऱ्या तयार प्रोग्रॅमवर जाणं बरं? तोवर बायोसमधून पंखे पूर्ण वेगाने लावून ठेवलेत.