मशीनमध्ये पावडर किती घालता? तुमचे घोळ इथे लिहा

हंडाकळशी
काल मशीन दुरुस्त करणारा येऊन गेला. तक्रार एवढीच होती की कपडे बाहेर काढले की बुळबुळीत लागतात. त्याने पावडरचा कप्पा एक खटका दाबून अख्खाच ओढून काढला (तो असा निघतो हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं). मागच्या पोकळीत बोट घालून खरवडलं, तर ओल्या खडूसारखा गोळा हातात आला. पेढ्याएवढा. "काकू, हे सगळं तुम्हीच घातलेलं आहे." मग मोकळं मशीन साठ अंशांवर लावलं. कपडे नाहीत, पावडर नाही. वीस मिनिटांत काचेमागे फेस!

मला एकदम आईच आठवली. पुण्याच्या शनिवार पेठेतला वाडा, चार बिऱ्हाडांत एक नळ. ५०१ ची लांब वडी आणली की ती दोऱ्याने कापायची आणि तुकडे फडताळावर वाळत ठेवायची, सुकलेला साबण कमी झिजतो म्हणून. झिजून पापड झालेला तुकडा नव्या वडीवर थापायची. आणि तिची लेक दोन टोपणं भरून ओतते, वर "आज चादर आहे" म्हणून आणखी अर्धं.

पहिलं फ्रंट लोड घेतलं २००४ साली, कोथरूडला. मी त्यात बादलीची पावडर घातली, मुठीने. कप्प्यातून फेस, दारातून फेस, गॅलरीच्या पन्हाळीतून खाली फेस. खालचे आजोबा वर आले, दारातून एकवार बघितलं आणि म्हणाले, "पाणी सांडतंय हे सांगायला आलो होतो. पण हे पाणी दिसत नाही." आणि गेले.

लिहा तुमचेही.

रिठा_शिकेकाई
आजोबा अस्सल!! 😂😂

वाघोलीचा_वाघ
कोथरूडला खडकवासल्याचं गोड पाणी येतं हो तुमच्या नळाला, तिथे एक चमचा पुरतो. आमच्याकडे या. बोअर आणि टँकर. फेसच येत नाही, म्हणून बायको घालते, मग मी घालतो, आणि काळ्या पँटवर पांढरे ओघळ.

हंडाकळशी
@वाघ, दोघं एकाच वेळी?

वाघोलीचा_वाघ
ती लावून ऑफिसला जाते. मी उठून बघतो, काचेत फेस नाही. मला वाटतं विसरली.

दोन_चमचे
आमच्या मावशी. "ताई, फेस दिसला नाही तर धुतल्यासारखं वाटत नाही." मी डबा वरच्या फळीवर ठेवला, त्यांनी स्टूल घेतलं. शेवटी डब्यात आमटीचा डाव टाकून ठेवलाय, सपाट एक डाव म्हणजे एक खेप. आता उंच शीग लावून घालतात. मी हरले.

टेकडीकाका
साबणाच्या धंद्यात आयुष्य गेलं म्हणून लिहितो, लांबण लागेल. फेस आणि स्वच्छता यांचा फार संबंध नाही. मळ सुटतो तो पावडरीतल्या मळ सोडवणाऱ्या द्रव्याने, पाण्याने आणि आपटण्याने. फ्रंट लोडमध्ये ड्रम कपडे वर नेतो आणि खाली आपटतो, आपल्या घाटावरच्या दगडासारखंच. फेस झाला की कपडे गादीवर पडावेत तसे पडतात, आपटतच नाहीत. म्हणजे पावडर जास्त, धुलाई कमी. शिवाय पंप पाणी ओढतो, फेस ओढत नाही. मशीनला फेस कळला तर ते पुन्हा पुन्हा खळबळत बसतं, आणि ४० मिनिटांचे सव्वा तास होतात. म्हणून फ्रंट लोडची पावडर मुद्दाम कमी फेसाची करतात. बादलीच्या पावडरीत फेस जास्त ठेवतात, कारण गिऱ्हाईक फेस बघून पैसे देतं.

वाघोलीबद्दल: जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधी पावडर खातात, उरलेली कपड्यांना. तिथे थोडी जास्त लागते हे खरं, पण दोघांनी घालू नका.

रिठा_शिकेकाई
काका, तो सव्वा तास!! मला वाटायचं मशीनचं घड्याळच बिघडलंय. कंपनीशी भांडलेय मी त्यावरून.

पावसाळी_दोरी
माझा घोळ. कप्प्याला तीन खण असतात ना, एक, दोन आणि फूल. मला वाटलं फूल म्हणजे सुवासाचं, आणि आमचं लिक्विड लॅव्हेंडरचं. सहा महिने तिथे ओतलं. ते खण शेवटच्या खळबळीला रिकामं होतं. म्हणजे सहा महिने आधी नुसत्या पाण्याने धुतले आणि मग साबण लावून बाहेर काढले. लेकाच्या मानेला पुरळ. डॉक्टरांनी विचारलं साबण बदललाय का, मी ठामपणे नाही सांगितलं.

दोन_चमचे
अगं बाई. आता बरा आहे ना तो?

पावसाळी_दोरी
हो गं, आता बारावीला आहे. स्वतःचे कपडे धुतो का विचारू नकोस.

औंधकर
आमच्याकडे मी पूर्वी "एक" मध्ये घालायचो. एक नंबर म्हणजे पहिलं, म्हणून. ते आधीच्या भिजवणीचं, तो प्रोग्राम लावला तरच त्यात पाणी जातं. नेहमीच्या धुण्याचं दोन नंबरचं.

इरकलीवाली
आईची रेशमी साडी सासूबाईंनी "नाजूक" वर लावली, पण पावडर नेहमीची, डाग काढणारी. त्या पावडरीतलं एन्झाइम रक्ताचे, दुधाचे डाग खातं म्हणजे प्रथिनं खातं, आणि रेशीम प्रथिनच. एका धुण्यात काही झालं नाही, चार धुण्यांत पदर मेला. चमक गेली ती गेलीच. लोकरीचंही तसंच होतं. मी अजून बोलले नाही त्यांना. इथे लिहितेय, त्या वाचत नाहीत.

वाघोलीचा_वाघ
कशावरून?

इरकलीवाली
😳

कुलूपकिल्ली
कुणी टॉप लोडवाले आहेत का? डिसेंबरात नळाचं पाणी बर्फ, पावडर विरघळतच नाही, शर्टाच्या कॉलरखाली गुठळी. मी आता मगभर कोमट पाण्यात आधी कालवते. भज्यांच्या पिठासारखं.

रिठा_शिकेकाई
भजी म्हटलीस आणि बाहेर पाऊस. संपलं आजचं काम.

दोन_चमचे
कांदा की बटाटा?

रिठा_शिकेकाई
मुगाची. पण भजी तळून दांडीवरच्या टॉवेलला हात पुसला तर कुबट वास!! टॉवेलचं काय करता सगळे?

हंडाकळशी
फुलाच्या खणातलं मऊ करायचं औषध टॉवेलला घालू नकोस. मऊ होतात पण पाणी शोषत नाहीत, अंगावरून नुसते सरकतात. मी काल सगळे टॉवेल पावडरशिवाय गरम पाण्यावर लावले. तेव्हाही फेस. दुसऱ्या खेपेला काच स्वच्छ दिसली. आणि वास येतो तो दाराच्या रबराच्या घडीतून. फडकं फिरव, काळं निघेल. माझ्या घडीतून एक मोजा, दोन रुपयांचं नाणं आणि अर्धी पेन्सिल निघाली.

औंधकर
धुऊन झाल्यावर दार आणि कप्पा दोन्ही किलकिलं ठेवा, आत कोंदट राहत नाही. आणि महिन्यातून एकदा लिंबूसत्त्व घालून मोकळं मशीन गरम पाण्यावर फिरवायचं, क्षार सुटतात. फक्त त्याच खेपेला ब्लीच घालू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो, मोरीत डोळे चुरचुरले होते माझे, खिडकी होती म्हणून वाचलो.

टेकडीकाका
हे बरोबर. क्लोरीन वायू. थट्टेवारी नेऊ नका.

वाघोलीचा_वाघ
आज फक्त बायकोने घातली. मी काचेसमोर हात मागे बांधून उभा होतो. ओघळ नाहीत पँटवर. तिला सांगितलेलं नाही की इतके दिवस मीही घालत होतो.

इरकलीवाली
ती वाचत नाही ना हे?

कुलूपकिल्ली
@हंडाकळशी, तो दुरुस्तीवाला कोथरूड सोडून येतो का? नंबर व्यनि (खाजगी निरोप) कराल? आमचं मशीन पिळताना चालत चालत दारापर्यंत जातं.

हंडाकळशी
केला. येतो, पण "रविवारी येतो" म्हणतो. कुठल्या रविवारी ते आधी विचारून घ्या, मी तीन रविवार वाट बघितली.