लू, बॉग, खाझी: तुमचे घोळ सांगा

ब्रिटिश लोक संडासाला 'लू' म्हणतात, तेही इतक्या लाडात की वाटावं घरातलं मांजर आहे. मी नागपूरची, आमच्याकडे लू म्हणजे मे महिन्यात दुपारी लागते ती, खिशात कांदा ठेवून बाहेर पडायचं. लीड्सला पहिल्याच आठवड्यात शेजारची बाई "लूला जाऊन येते" म्हणत उठली, बाहेर धो धो पाऊस, मला कळेना हिला कुठली लू लागणारे! तुमचेही किस्से येऊद्यात.

—

माझं उलट. लहानपणी 'संडास म्हणू नको, टॉयलेट म्हण' म्हणून आईचे धपाटे खाल्लेत. आणि तिकडे घरमालकीणबाईंसमोर टॉयलेट म्हटलं तर त्यांचं नाक वर! वरच्या वर्गातले म्हणे लू किंवा लॅव्हेटरी म्हणतात, टॉयलेट म्हणणारा खालचा. १९५० च्या दशकात यावरून तिथे पेपरात वगैरे वाद रंगले होते. धपाटे फुकट गेले.

—

बॉग म्हणजे पण संडास, बॉग रोल म्हणजे तिथला कागद. साहेब माझ्या ड्रॉइंगला 'बॉग स्टँडर्ड' म्हणाला, मी दिवसभर तोंड पाडून बसलो, रात्री रूममेटने सांगितलं अरे त्याचा अर्थ साधं, नेहमीचं.

—

एडिनबर्गला गाइडने छातीठोक सांगितलं की पूर्वी वरच्या मजल्यावरून घाण ओतताना 'गार्डी लू' ओरडायचे, म्हणजे फ्रेंचमधून आलेलं 'पाणी येतंय, सांभाळा', त्यावरून लू. ऐकायला झकास आहे पण मला नाही पटत, या अर्थाचा लू लिखाणात दिसायला लागतो विसाव्या शतकात, मग मधली वर्षं हा शब्द कुठे कडी लावून बसला होता? कोणी वॉटर्लूवरून आला म्हणतं, कोणी आणखी कशावरून. खरं कुणालाच माहीत नाही.

—

'पेनी खर्चून येतो' पण ऐकलंय, म्हाताऱ्या लोकांकडून. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात जेनिंग्ज नावाच्या प्लंबरने बसवलेल्या संडासांना खरंच एक पेनी पडायची.

—

माझं आडनाव काझी. पुढचं सांगायला नकोच, तरी सांगतो. खाझी हा पण तिकडचा जुना शब्द, बहुतेक इटालियन 'कासा' म्हणजे घर त्यावरून. ऑफिसचा म्हातारा वॉचमन रोज माझं कार्ड बघून गालात हसायचा, कारण कळायला सहा महिने लागले. रत्नागिरीला फोनवर अब्बांना सांगितलं तर म्हणाले, दारावर नावाची पाटी तेवढी लावू नकोस, रांग लागेल.