मुळाभोवतीचे पांढरे दोरे : बुरशी की चुनखडी?

द्राक्षवाला_तासगाव
राम राम मंडळी. परवा बागेच्या कडेला जेसीबीनं चर काढला, तीन फुटाखाली काळी संपून पिवळसर माती लागते ना, तिथं जुन्या बाभळीच्या कुजक्या मुळाभोवती कापसागत पांढरे दोरे निघाले. चुरगाळले तर रवाळ लागतात. दुकानदार म्हणतोय बुरशी हाय, औषध सोडा, वडील म्हणतात चुनखडी. आधीच पानं पिवळी पडायलीत, सांगा की कुणीतरी.

कृष्णाकाठ
लिंबू पिळा, फसफसलं की चुना.

मातीवेडी_सातारा
दादा, दोघंही बरोबर असू शकतात बरं का. बुरशीचे तंतू ऑक्झॅलिक आम्ल सोडतात, ते मातीतल्या कॅल्शियमला धरतं आणि तंतूवरच कॅल्शियम ऑक्झॅलेटचे बारीक स्फटिक बसतात. हे लिंबानं फसफसत नाही. पुढं काही जिवाणू हेच ऑक्झॅलेट खातात, त्यातून कार्बोनेट तयार होतं, मग तंतू कुजून जातो पण त्याच्या आकाराचा चुना मागं राहतो. आफ्रिकेत इरोको म्हणून झाड आहे, त्याच्याखालची माती मुळात आम्लधर्मी, तरी बुरशी, जिवाणू आणि झाड मिळून तिथं चुना साठवतात! मला हे वाचून केवढं नवल वाटलं होतं. मसाल्यातलं दगडफूल घ्या, ते पण बुरशी आणि शेवाळ एकत्र राहून झालेलं, खडकावर वाढणाऱ्या अशा दगडफुलांखाली पण ऑक्झॅलेट सापडतं.
पण आपल्याकडची सगळी चुनखडी बुरशीनं केली असं नाही हं. आपल्या काळ्या बेसॉल्ट खडकामध्येच कॅल्शियम आहे, पाऊस कमी, पाणी उडून जातं आणि चुना खाली बसतो, मोठा वाटा त्याचाच.

द्राक्षवाला_तासगाव
ताई, पिळलं लिंबू. दोरे चांगलेच फसफसले, शेजारच्या गोट्या पण. मग औषध नको ना?

मातीवेडी_सातारा
अजिबात नको, चुन्याला बुरशीनाशक काय करणार. उलट मुळांवरची मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडून राहणारी उपयोगी बुरशी मरेल, ती झाडाला स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देते. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह लागू होत नाहीये, चुन्यानं मातीचा सामू (pH) वाढतो म्हणून. मातीचा मुक्त चुना तपासून घ्या, नमुना वरचा एक फूट आणि खालचे दोन फूट असा वेगवेगळा द्या.

द्राक्षवाला_तासगाव
शिरा हिरव्याच हायत. उद्याच नमुना काढतो.