नागपूरच्या जंगलात दगडातला शंख: जीवाश्म आहे का? घरी आणला तर चालतो?

काटोलरोडकर:
रविवारी पोराला घेऊन काटोल रोडकडच्या राखीव जंगलात पक्षी बघायला गेलो. पक्षी कमी, डास जास्त. नाल्याच्या काठाला काळ्या पत्थरात वीतभर जाडीचा राखाडी-पांढरा थर दिसला. त्यातून निखळलेल्या तुकड्यात अंगठ्याएवढा पिळाचा शंख! पोरगा खिशात घालणार, तेवढ्यात गार्डनं खाली ठेवायला लावला. फोटो टाकलाय. नागपूरला समुद्र कधी होता? आणि एवढासा दगड आणला तर काय बिघडतं?

निवृत्त मास्तर (भूशास्त्र):
समुद्र नव्हे, तळं. तुमचा काळा पत्थर म्हणजे थिजलेला लाव्हा. तो एका दमात वाहिला नाही. दोन उद्रेकांत मोठा खंड पडायचा, तेवढ्यात निवलेल्या खडकावर पाणी साचायचं. त्यात गोगलगायी, काठाला ताडाच्या जातीची झाडं. मग वरून पुढचा लाव्हा. तुमचा पांढरा थर म्हणजे त्या तळ्याचा गाळ, सिलिका मुरून टणक झालेला. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. नुसत्या काळ्या पत्थरात शोधाल तर हयात जाईल, दोन काळ्यांच्या मधलं बघा.

आता ओळख. शंखाचं टोक वर, तोंड आपल्याकडे. तोंड डावीकडे आलं तर बहुधा फायसा, म्हणजे गोड्या पाण्यातली एक गोगलगाय. बहुतेक गोगलगायी उजव्या, ही डावखुरी. ज्यांच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप आले होते धर्मप्रसाराला, पण १८५०च्या दशकात नागपूरच्याच टाकळीला याच थरांतले जीवाश्म गोळा करत होते.

गार्डचं बरोबर आहे. १९२७च्या भारतीय वन कायद्यात जंगलातला दगडसुद्धा वनोपज. शिवाय जागेवरून हलला की कुठल्या थरातला ते कळत नाही, उरते शोकेसची शोभा. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, थराचा वेगळा काढा, लोकेशन टिपा आणि सेमिनरी हिल्सच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑफिसात दाखवा.

धुऱ्यावरचा:
भाऊ, आमच्या वावरात असे पांढरे दगड लय निघतात. बुढा गारगोटी म्हणून धुऱ्यावर फेकते. त्यातबी गोगलगाय असन काय?

निवृत्त मास्तर:
असूही शकते. ओला करून उन्हात तिरका धरा, पीळ असेल तर उठून दिसेल.

काटोलरोडकर:
मास्तर, तोंड डावीकडेच दिसतंय! पण फोटो पोरानं हातात दगड धरून सेल्फीत काढलाय. त्यात उलटं येतं ना?

निवृत्त मास्तर:
त्याच्या टी-शर्टवरची अक्षरं वाचा. ती उलटी असतील तर शंखही उलटा.