डोंगरी हाफ मॅरेथॉन : चढ जमतोय, उतारावर मांड्या साथ सोडतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ४४. तीन वर्षं कोल्हापुरात रंकाळा तलावावर धावते. पहाटे साडेपाचला घर सोडायचं आणि सातला परत येऊन डब्यांना लागायचं, असं चाललंय. सपाटीवरच्या दोन हाफ (२१ किलोमीटरच्या) झाल्या, दुसरी २ तास १४ मिनिटांत. यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि आल्या वाटेने खाली यायचं. हातात आठ आठवडे आहेत.

सराव म्हणून गेल्या रविवारी वाघबीळला गाडी लावली आणि पन्हाळ्याचा रस्ता धरला. धुकं आणि बारीक पाऊस होता. हळू धावले, पण नाक्यापर्यंत एकदाही थांबले नाही. इतका आनंद झाला की परतीला मोकळी सुटले. पहिला किलोमीटर नुसता उडत गेला. पुढे एका वळणावर मांड्यांच्या पुढच्या बाजूला थरथर सुरू झाली. पाऊल टेकलं की गुडघा दुमडायला बघायचा. शेवटी कठड्यावर बसले. तेवढ्यात ओल्या गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या एक मावशी वरून आल्या. "काय गं बाई, पाय मुरगाळला काय?" म्हणाल्या. नाही म्हटलं, तर "बस मग जरा" म्हणून बारकी बारकी पावलं टाकत खाली निघून गेल्या. उरलेला रस्ता मी चालत उतरले.

सोमवारी जिना चढता येत होता, उतरता येत नव्हता. मंगळवारी त्याहून वाईट. डाव्या अंगठ्याचं नखही काळं पडलंय. मैत्रीण म्हणते, शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन टाक.

श्वास पुरतोय, पाय पुरत नाहीत. मांड्या उतारासाठी कशा तयार करायच्या? चढावर मध्येमध्ये चाललं तर चालेल का? आणि त्या गोळीचं काय? वेळेची हाव नाही मला, पण शेवटचे पाच किलोमीटर धावत यायचंय. यासाठी रोज पहाटे उठतेय.

प्रतिसाद

ताई, घाबरू नका, हे शिकता येतं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू शरीराचा भार पेलत पेलत लांब होत असतो, म्हणजे ब्रेक लावायचं काम करतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. मंगळवार म्हणूनच वाईट गेला. चांगली गोष्ट अशी की एकदा सोसलेला उतार स्नायू काही आठवडे लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी त्याच उतारावर दुखणं बरंच कमी होतं.

म्हणून दहा-बारा दिवसांतून एकदा उतार करा. आधी दीड-दोन किलोमीटर, मग वाढवत न्या. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर नाही. पन्हाळा आसपासच्या सपाटीपेक्षा ४०० मीटरहून जास्त उंच आहे, दरवेळी पूर्ण उतरायची गरज नाही. केर्लीकडून जोतिबाचा रस्ताही चांगला, फक्त रविवार टाळा, भाविकांच्या गाड्या असतात.

घरी बैठका मारा, पण तालमीतल्यासारख्या झपाझप नको. खाली जाताना मनात चार अंक मोजा, वर नेहमीसारखं या. दुसरं, एका पायरीवर उभं राहून एकच पाय सावकाश खाली टेकवायचा आणि परत वर घ्यायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. आठवड्यातून दोनदा पुरे.

आणि त्या मावशींची चाल आठवा. सगळं गुपित त्यातच आहे. भारा डोक्यावर असताना लांब ढांग टाकून चालतच नाही. आपण भीतीने मागे रेलतो, टाच आपटतो आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. पाऊल छोटं, भरभर आणि अंगाखाली पडू दे.

चढावर जरूर चाला. घड्याळातला वेग बघू नका, श्वास बघा. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येईनासं झालं की चालायला लागायचं. वर जाताना वाचवलेले पाय खाली कामाला येतात.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गोळी नको, हे कळकळीने सांगते. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना अशा काही गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय दुखणं झाकलं की पाय काय सांगतोय ते कळत नाही. मांडी दोन्हीकडे सारखी दुखली तर दोन-चार दिवसांत ओसरते. गुडघ्याला सूज आली, एकाच जागी टोचलं किंवा लंगडायला झालं तर धावणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

नखासाठी : बुटात पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. सगळ्यात वरच्या भोकातून नाडी ओवून टाच घट्ट धरा, म्हणजे उतारावर पाय पुढे सरकणार नाही. नखं सरळ कापा.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. बैठका चालू आहेत. पहिल्या आठवड्यात चार अंक मोजताना पाय लटपटायचे, आता तीन वेळा पंधरा होतात. काल वाघबीळच्या बाजूला तीन किलोमीटर उतरले, पूर्ण वेळ मावशींची पावलं डोळ्यांसमोर ठेवून. आज सकाळी जिना सरळ उतरले, कठड्याला हात न लावता. चढावर तीनदा चालले आणि वाईट वाटलं नाही.

एकच अडचण उरलीय. धुक्यात वळणावर गाड्या फार उशिरा दिसतात, एकटीला भीती वाटते. मी भडक रंगाचं जाकीट घालते आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूने धावते. पुढचा उतार बारा दिवसांनी, शुक्रवारी पहाटे सहाला वाघबीळहून. कोल्हापुरातलं कुणी, विशेषतः बायका, सोबत येणार असाल तर इथेच सांगा. माझ्या गाडीत तिघींना जागा आहे.