सामाईक पूर्वज: एक नोड सापडताच परत फिरलो, तर दुसरा कोण शोधतो?

प्रश्न
दोन दिवस इथेच अडले आहे. बायनरी ट्रीमधल्या (प्रत्येक नोडखाली, म्हणजे घटकाखाली, जास्तीत जास्त दोन मुलं) दोन नोड्सचा सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज काढायचा आहे, म्हणजे ज्याच्या खाली दोघेही येतात असा सर्वांत खालचा नोड. माझा ट्री असा: रूट (सर्वांत वरचा नोड) ७, त्याच्या डावीकडे ३, उजवीकडे १२. ३ च्या खाली ८ आणि ५, ५ च्या खाली २ आणि ९. (सर्च ट्री, म्हणजे आकडे क्रमाने लावलेला ट्री नाही, आकडे कसेही आहेत.)

रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) नेहमीचंच. नोड नल (रिकामा) असेल किंवा दोघांपैकी एक असेल, तर तोच परत करायचा. नाहीतर डावीकडे आणि उजवीकडे विचारायचं. दोन्हीकडून काही आलं तर आपणच उत्तर, एकीकडूनच आलं तर तेच वर पाठवायचं.

८ आणि ९ साठी ३ येतं, ते कागदावरही पटलं. पण ५ आणि ९ दिले की फंक्शन ५ वरूनच परत फिरतं. प्रत्येक कॉलला प्रिंट लावून पाहिलं, ९ पर्यंत ते जातच नाही. तरी उत्तर ५, आणि तेच बरोबर! न बघता कसं कळलं?

उत्तर १
कळलं नाही, गृहीत धरलं. दोन्ही नोड ट्रीत आहेतच, या अटीवर हा कोड उभा आहे. ७ ला डावीकडून ५ मिळाला, उजवीकडून नल. म्हणजे ९ बाहेर कुठेच नाही, मग तो ५ च्या खालीच असणार. इथे नोड स्वतःचाही पूर्वज धरतात, म्हणून ५.

प्रश्नकर्ती
हे वाचून लगेच ट्रीत नसलेला नोड देऊन पाहिला, किंमत ४०. ५ आणि ४० साठीही ५ येतं!

उत्तर २
येणारच. परत येणाऱ्या एकाच नोडचे दोन अर्थ होतात: 'एक सापडला' किंवा 'उत्तर सापडलं'. वरच्याला फरक कळत नाही. म्हणून नोडऐवजी संख्या परत करा: या सबट्रीत (हा नोड आणि त्याच्या खालचं सगळं) दोघांपैकी किती सापडले? ५ वर थांबू नका, आधी दोन्ही मुलांकडे जाऊन या, मग स्वतःला मोजा. खालून वर येताना संख्या जिथे पहिल्यांदा २ होते, तो पूर्वज. रूटवरही २ झाली नाही, तर उत्तर नाही. आणि तुलना किमतींची नको, नोड्सचीच करा. एकच आकडा दोन ठिकाणी असला की मोजणी चुकते.

उत्तर ३
खोलीकडेही लक्ष असू द्या. १ लाख नोड्स एकाखाली एक साखळीसारखे असतील, तर पायथॉनमध्ये रिकर्शनची मर्यादा मुळात १००० असते, तिथेच अडेल. रिकर्शनऐवजी स्वतःचा स्टॅक (बघायचे राहिलेले नोड्स ठेवायची यादी) वापरा.

एकाच ट्रीवर हजारो जोड्या विचारायच्या असतील, तर दर वेळी अख्खा ट्री फिरणं परवडत नाही. प्रत्येक नोडचा १, २, ४, ८ पायऱ्या वरचा पूर्वज आधीच लिहून ठेवा. १ लाख नोड्सना अशा १७ नोंदी पुरतात, कारण २ चा १७ वा घात १,३१,०७२. हारेल आणि टार्जन या संगणकशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये त्यापुढची पद्धत दिली: एकदा रेषीय वेळेत (नोड्सच्या संख्येच्या प्रमाणात) तयारी, मग प्रत्येक जोडीचं उत्तर स्थिर वेळेत (ट्री कितीही मोठा असला तरी तेवढ्याच). पण सुंदर असली तरी लिहायला ती बरीच अवघड आहे.

प्रश्नकर्ती
संख्या मोजून पाहिलं. ५ आणि ४० ला आता 'नाही' येतं. आधी मात्र ८ आणि ९ साठी ७ येत होतं, कारण ३ वर २ झालेली संख्या ७ वरही २ च राहते आणि उत्तर पुसलं जात होतं. उत्तराची जागा रिकामी असेल तरच भरायची, एवढी अट घातली. आता ३ येतं.